यान डापरची उडी

गोठ्याच्या आढ्याला टेकवलेल्या वाशाला मिठी मारून लेंडर्ट वर्काइक दोन पुरुष उंचीवर लटकला होता. खाली सत्तावीस गाई रवंथ थांबवून वर पाहत होत्या. वर चढताना एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती, ती आता स्वच्छ ध्यानात आली होती : उतरायचं कसं, याचा विचार त्याने केलेलाच नव्हता.

दार उघडून त्याची बायको मार्योलाइन आत आली. तिने गाईंकडे पाहिलं, गाईंची नजर होती तिकडे पाहिलं आणि मग हात कमरेवर ठेवले.

"किती वेळ आहेस वर?"

"आत्ताच चढलो."

"जनावरांचे डॉक्टर येऊन, गाय तपासून, गेलेसुद्धा. त्यांनी सांगितलं, तुमचे यजमान वर आहेत, उतरायची घाई नाही म्हणतात."

लेंडर्टने विषय बदलला. "इथून छप्पर नीट दिसतं गं. तीन कौलं गेलीत."

मार्योलाइन शिडी घेऊन आली. तो उतरेपर्यंत ती शिडी धरून उभी राहिली आणि उतरल्यावर तिने त्याच्या सदऱ्यावरचा भुसा झटकला.

"शनिवारी होईल ना रे नीट?"

"न व्हायला काय झालं?" लेंडर्ट म्हणाला आणि फळ्यांवर पिकत ठेवलेलं चीज उलटवायला निघून गेला. त्या दिवशी त्याने प्रत्येक चीज दोनदा उलटवलं, म्हणजे ती सगळी होती तशीच राहिली.

एल्झेनकोप गावाचा नियम साधा होता. त्या वर्षी ज्याला पन्नास पूर्ण झाली असतील, मग तो बाप्या असो की बाई, त्याने सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी चर्चच्या कालव्यात रोवलेला वासा पळत येऊन धरायचा, त्याच्यावर सरसर चढायचं आणि वासा कलेल तसं पलीकडच्या काठावर उतरायचं. कालवा सहा मीटर रुंद. १५७४ साली स्पॅनिश सैन्य चालून आलं तेव्हा गावातल्या यान डापर नावाच्या तरुणाने इथूनच उडी मारली आणि पलीकडे जाऊन घंटा वाजवून गाव वाचवलं. त्याच्या नावावरून 'डापर', म्हणजे शूर, हा शब्द साऱ्या डच भाषेत गेला. चर्चच्या भिंतीवरच्या दगडी पाटीवर हे सगळं कोरलेलं होतं.

ही हकिगत होवर्ट ब्लोंक मास्तरांनी चौतीस वर्षांपूर्वी एका पावसाळी दुपारी सहावीच्या वर्गाला सांगितली होती. पोरांनी ती घरी नेली. मोठ्यांना आवडली. पुढच्या वर्षी ग्रामसभेत ठराव आला आणि एकमताने मंजूर झाला. मास्तर त्या सभेला सर्दीमुळे नव्हते. त्यांना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून पाटी गुपचूप करवून घेतली होती. पाटीवरचा पडदा सरकला तेव्हा मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना भरून आलं असावं, असं गावाने ठरवलं आणि तिथल्या तिथे त्यांना समितीचं अध्यक्ष केलं.

तेव्हापासून दोनशे बारा जणांनी उडी मारली होती. चर्चचा सेवक मेविस एका वहीत नोंद ठेवायचा. वहीत दोनशे बाराही जणांपुढे 'पार' असं लिहिलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. पाण्यात पडलेला माणूससुद्धा शेवटी पलीकडच्याच काठावर ओढून काढला जायचा. लेंडर्टला पाण्याची भीती नव्हती. त्या देशात पोरांना मिळवावी लागतात ती पोहायची तिन्ही प्रमाणपत्रं त्याने आठव्या वर्षीच मिळवली होती. भीती होती ती वाशावरची, वर जाऊन मधोमध अडकायची. गेल्या साली नळकाम करणारा स्टोफल तसाच अडकला. वासा ना इकडे कलला ना तिकडे. चार मिनिटं तो बगळ्यासारखा कालव्याच्या मध्यावर उभा होता, बॅंडवाल्यांनी दोन गाणी संपवली, आणि मग वासा मोडला. स्टोफलचं खुब्याचं हाड गेलं. आता तो नळ दुरुस्त करताना खाली बसू शकत नव्हता, म्हणून उंचावरचेच नळ घ्यायचा.

स्टोफलचं वजन चौऱ्याहत्तर किलो होतं. लेंडर्टचं एकशे बारा.

नाही म्हणायची सोय नव्हती. एक तर आजवर कोणी म्हटलं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे ब्लोंक मास्तर मार्योलाइनचे वडील होते. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी लेंडर्ट त्यांना मास्तरच म्हणायचा आणि त्यांच्यासमोर बोलायच्या आधी त्याचा हात आपसूक वर व्हायचा.

अशात लायडनहून पत्र आलं. तिथल्या एका कचेरीत डच शब्दांच्या मुळांचा मोठा कोश करण्याचं काम चालू होतं. कोश आता 'डी' या अक्षरापर्यंत आलेला असून 'डापर' या शब्दासंबंधी कचेरीतल्या एक विदुषी गुरुवारी समितीला भेटू इच्छितात, असं पत्रात होतं. गावाला काय कळायचं ते कळलं : आपला यान डापर आता कोशात जाणार. झेंडे लागले. बेकरीवाल्या क्लासिनाने शब्दाच्या आकाराचा केक करायला घेतला. बाईंना स्टेशनवरून आणायचं काम लेंडर्टकडे आलं, कारण त्या साली पन्नाशी गाठलेला तो एकटाच, म्हणजे उत्सवमूर्ती तोच होता आणि गाडीही त्याचीच मोठी होती.

विदुषी म्हणजे फार तर अठ्ठावीस वर्षांची उंच, सडपातळ मुलगी निघाली. नाव यिके हावरकाम्प. चीजच्या वासाने भरलेल्या त्या गाडीत ती मांडीवरची फाइल दोन्ही हातांनी दाबून बसली होती, जणू फाइल मधेच उठून पळेल.

"तुमच्या गावातले लोक स्वभावाने कसे आहेत हो?" तिने विचारलं.

"चांगले आहेत. का?"

"म्हणजे, वाईट बातमी आणणाऱ्या माणसाशी कसे वागतात?"

लेंडर्टने आठवून पाहिलं. "मागे एकदा पाणीखात्याचा माणूस आला होता. कालव्याची पातळी वाढवणार म्हणून सांगायला."

"मग?"

"इथेच असतो आता. क्लासिनाने लग्न केलं त्याच्याशी."

यिकेने यावर जरा विचार केला. "याचा अर्थ मी काय घ्यायचा?"

"त्यालाही अजून कळलेला नाही."

दोन्ही बाजूंनी सपाट कुरणं मागे जात होती. एकाआड एक, चर आणि गाई. एक खोल श्वास घेऊन यिके म्हणाली, "तुमच्यावर जरा सराव करून बघू का? तुमच्या यान डापरची उडी १५७४ची. आणि हा शब्द त्याच्या आधी दोनशे वर्षं लोक लिहीत होते. जुन्या हस्तलिखितांत आहे. माणूस जन्मायच्या आधी त्याच्या नावावरून शब्द..."

लेंडर्टने करकचून ब्रेक लावला.

"काय झालं? बदक होतं का?"

"टायर बघतो जरा," लेंडर्ट म्हणाला.

तो खाली उतरला. गाडीला त्याने दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला तो कुरणाकडे तोंड करून थांबला, दोन्ही मुठी आवळून त्याने एकदा जागच्या जागी उडी मारली, चेहरा पुसला आणि परत येऊन बसला.

"बरा आहे ना टायर?"

"उत्तम. नक्की आहे ना हे?"

"आमच्या धंद्यात नक्की असं फार थोडं असतं. पण एवढं नक्की आहे."

"आणि तेव्हा अर्थ काय होता त्याचा?"

"जड," यिके म्हणाली. "भक्कम, वजनदार. शेजारच्या भाषांतली या शब्दाची भावंडंही तेच सांगतात. वर उत्तरेकडे तर त्याच घराण्यातला एक शब्द उदास या अर्थाने चालायचा. शूर वगैरे सगळं नंतर."

"जड आणि उदास," लेंडर्ट म्हणाला. कोणीतरी आपल्याविषयी पहिल्यांदाच नीट चौकशी करून लिहिलंय, असं त्याला वाटलं. त्याने हात मागे घालून पाच किलोचं एक अख्खं चीज काढलं आणि तिच्या फाइलवर ठेवलं.

"अहो, हे मला सभेआधी घेता येणार नाही. लाच दिल्यासारखं दिसेल."

"मग सभेनंतर घ्या."

"सभेनंतर तुम्ही द्याल?"

"बाई," लेंडर्ट म्हणाला, "सभेनंतर मी तुम्हाला गाय देईन."

सभा चार वाजता चर्चशेजारच्या खोलीत सुरू झाली. टेबलाच्या टोकाला टाय लावून ब्लोंक मास्तर बसले होते, वय चौऱ्याऐंशी, पाठ अजून पट्टीसारखी सरळ. त्यांच्या उजवीकडे स्टोफल, बसण्यापेक्षा खुर्चीवर आडवा ठेवल्यासारखा. मग क्लासिना, मग वहीवाला मेविस. नंतर यिके आणि शेवटी लेंडर्ट. कॉफी आली. बिस्किटांचा डबा फिरला, प्रत्येकाने एक बिस्कीट घेतलं, झाकण लागलं. त्या गावात डबा एकदाच फिरतो. हा नियम कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे तो दुरुस्तही करता येत नाही.

यिकेने जे सांगायचं ते सात मिनिटांत सांगितलं. जुन्या पानांच्या प्रती तिने टेबलावर मांडल्या. तिचा आवाज एकदाच चिरकला, तोही 'जन्मलाच नव्हता' या शब्दांवर. बोलणं संपलं आणि क्लासिनाचं बिस्कीट कॉफीत विरघळून पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

कोणीच मास्तरांकडे पाहत नव्हतं. लेंडर्टही पाहत नव्हता. त्याला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची भयंकर लाज वाटत होती. म्हातारा आता खचणार, आपण मात्र वाचणार, हे दोन्ही एकाच वाक्यात बसलेलं त्याला सोसवत नव्हतं.

"मग त्या पाटीचं काय करायचं?" शेवटी क्लासिना म्हणाली.

"पाटी दगडाची आहे," मास्तर म्हणाले. "दगडाला चूक-दुरुस्ती जोडता येत नाही."

"वेल चढवता येईल," स्टोफल म्हणाला. "आयव्ही चांगली वाढते त्या बाजूला."

"लिहून घे, मेविस. वेल विचाराधीन." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "हावरकाम्पबाईंच्या माहितीची समिती नोंद घेते. आता विषय चार. शनिवारची उडी."

लेंडर्टने कॉफीचा कप खाली ठेवला.

"ती बंद करायची का, असा प्रश्न आता ओघाने येतो," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात क्लासिना घाईघाईने, मास्तरांना लागू नये म्हणून अगदी मऊ आवाजात म्हणाली, "छे छे, मास्तर! बंद कशाला? शब्द गेला तरी उडी आपलीच आहे की!"

"तर काय!" स्टोफल म्हणाला आणि खुब्यावरचा हात त्याने टेबलाखाली नेला. "परंपरा आहे. आमच्या मास्तरांनी घालून दिलेली. लायडनवाल्यांना काय ठाऊक!"

मेविसनेही होकारार्थी मान हलवली. तो एरवी हलवायचा नाही.

"म्हणजे कोणाचीच हरकत नाही?" मास्तरांनी विचारलं. त्यांनी प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं, नेहमीपेक्षा अंमळ जास्तच वेळ. लेंडर्टपाशी तर ती नजर इतकी थांबली की त्याने बुटांची नाडी बांधायला घेतली. त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

"हरकत नाही. एकमताने," मास्तर म्हणाले आणि कागद उलटा केला. काठावर जमलेलं गाव आणि बॅंडचं तिसरं गाणं लेंडर्टला दिसायला लागलं. तीन वर्षांनी मार्योलाइनची पाळी येणार होती, तेही याच वेळी आठवायचं काही कारण नव्हतं, पण आठवलं.

उरली शेवटची फेरी. त्या देशात अशी एकही सभा नाही, जी शेवटच्या फेरीशिवाय संपते. अध्यक्ष एकेकाला नाव घेऊन विचारतात, आणखी काही? आणि एकेक जण म्हणतो, काही नाही. तेहतीस वर्षांत समितीच्या शेवटच्या फेरीत एवढंच घडलं होतं. एकदा कोणीतरी खिडकी लावायला सांगितली होती, त्याची अजून आठवण निघायची.

"स्टोफल?"

"काही नाही."

"क्लासिना?"

"केकचं तेवढं... नको, राहू दे. काही नाही."

"मेविस?"

मेविसने नकारार्थी मान हलवली.

"पाहुण्याबाई?"

बाहेरच्या माणसाला ही फेरी कशी असते ते माहीत नसतं. यिकेला वाटलं, खरोखरच विचारताहेत. ती म्हणाली, "हो, मला एक कुतूहल होतं. आतापर्यंत कोरडे असे किती जण पोहोचले पलीकडे?"

सगळ्यांनी मेविसकडे पाहिलं. मेविसने वही उघडली नाही. "सात," तो म्हणाला. त्या वर्षातला त्याचा तो पहिलाच शब्द होता.

"दोनशे बारापैकी?"

"त्यातल्या एकाने वासा नव्हता घेतला. गाळ काढायला कालवा कोरडा केला होता त्या साली."

यिकेने ते फाइलच्या कोपऱ्यात टिपून घेतलं. मास्तरांची मान लेंडर्टकडे वळली.

"लेंडर्ट? आणखी काही?"

'काही नाही' हे दोन शब्द लेंडर्टच्या जिभेवर येऊन तयार उभे होते. त्याने तोंड उघडलं. उजवा हात आपला आपण वर गेला, खांद्याच्याही वर, सहावीत जायचा तसा.

"बोल," मास्तर म्हणाले.

"मला भीती वाटते," लेंडर्ट म्हणाला.

हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

"पाण्याची नाही. वरची. सोमवारी मी गोठ्यात पाऊण तास लटकून होतो. गाईंनी पाहिलंय. शनिवारी मी उडी मारणार नाही. मास्तर, मला माफ करा. तुम्हाला वाईट वाटेल, ते मला माहीत आहे. आजच एवढं सगळं झालं, त्यात हे. पण मी नाही मारणार."

हात खाली आला. कपाळावर घाम होता, तो त्याने बाहीने पुसला. आता काय व्हायचं ते होवो, असं झाल्यावर माणसाच्या खांद्यांना जो हलकेपणा येतो, तो त्याला आला.

"मास्तर," स्टोफल म्हणाला, "मला माझी फेरी परत मिळेल का?"

"फेरी एकदाच असते."

"कुठे लिहिलंय?" क्लासिना म्हणाली.

कुठेच लिहिलेलं नव्हतं. मास्तरांनी हाताने खूण केली, बोल.

"मलाही वाटली होती," स्टोफल म्हणाला. "वासा मोडला ना, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, सुटलो. पडता पडता वाटलं. हाड नंतर मोडलं."

"तुझं हाड तरी खरं होतं!" क्लासिना उसळून म्हणाली. "मी माझ्या साली पाय मुरगळल्याचं सोंग करायचं ठरवलं होतं. तीन दिवस लंगडायची तालीम केली बेकरीत. तर ऐन शनिवारी सकाळी पोस्टमनचाच पाय मुरगळला, खराखुरा! आता एका दिवशी दोन पाय कसे मुरगळणार, सांगा! मारली उडी. चिखलात बूट गेला तो अजून तिथेच आहे."

"मग आत्ता 'उडी आपलीच आहे की' कोण म्हणालं?" स्टोफलने विचारलं.

"मास्तरांसाठी म्हणाले रे! तू नाही का म्हणालास?"

"मीही मास्तरांसाठीच म्हणालो."

मग मात्र सगळ्यांना मास्तरांकडे पाहणं भाग पडलं. म्हातारा ताठ बसला होता. समोरच्या कागदाच्या कडा त्याने जुळवल्या, मग पुन्हा जुळवल्या. आणि पलीकडे वाकून यिकेला विचारलं, "हे छापून येणार ना नक्की?"

"हो."

"मोठ्या अक्षरात?"

"नाही हो. आमच्याकडे सगळं बारीकच असतं."

"चालेल," मास्तर म्हणाले. "मेविस, लिही. शनिवारची उडी रद्द. यापुढच्याही. हरकत?"

या वेळी ते कोणाच्याही तोंडाकडे पाहायला थांबले नाहीत. "एकमताने," असं ते एका दमात बोलून मोकळे झाले. मग त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे ओढला, झाकण उघडलं, स्वतः एक बिस्कीट घेतलं आणि डबा स्टोफलकडे सरकवला.

स्टोफलने डब्याकडे पाहिलं. क्लासिनाने स्टोफलकडे पाहिलं. असं कधी झालेलं नव्हतं. स्टोफलने अगदी हळू, कोणी हटकलं तर परत ठेवता येईल अशा बेताने, दुसरं बिस्कीट उचललं. कोणी हटकलं नाही. डबा पूर्ण टेबल फिरून आला. मेविसने दोन घेतली.

घरी गेल्यावर लेंडर्टने मार्योलाइनला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता बटाटे सोलत होती. त्याचं सांगून झाल्यावर तिने सुरी खाली ठेवली, त्याच्या छातीवर कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "मी वासा करवतीने कापणार होते. उद्या." लेंडर्टचा जीव भांड्यात पडला होता, तो आता भांड्यासकट हसायला लागला. यिकेने गाय नाकारली होती, पण चीज नेलं होतं.

शनिवारी उडी नव्हती. तरी अकराच्या सुमाराला सगळं गाव कालव्यावर आलंच. तेहतीस वर्षांची सवय, पाय आपोआप वळतात. घडीच्या खुर्च्या आल्या, थर्मास आले, बॅंडसुद्धा आला. मग लोक दोन्ही काठांवर खुर्च्या मांडून मधल्या पाण्याकडे बघत बसले. एक बदक हा काठ सोडून तो काठ गाठायला निघालं. ते पलीकडे पोहोचल्यावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

तिथून चाळीस पावलांवर पूल होता. १९११ सालापासून होता. ब्लोंक मास्तरांनी आपला चाकांचा वॉकर त्या दिशेला वळवला आणि ते पुलावर चढले. त्यांच्या मागोमाग लेंडर्ट, थर्मास घेऊन मार्योलाइन, मग क्लासिना आणि तिचा पाणीखात्यातला नवरा. बघता बघता रांगच लागली. बॅंडने काहीतरी संथ वाजवायला घेतलं.

पुलाच्या मध्यावर मास्तर दम खायला थांबले. मागच्यांना त्यांनी हाताने पुढे जायची खूण केली. लोक कडेकडेने पुढे गेले. लेंडर्ट थांबला.

"लायडनला मीच लिहिलं होतं," मास्तर पाण्याकडे बघत म्हणाले.

लेंडर्टला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कधी?"

"पहिल्यांदा एकोणीस वर्षांपूर्वी. म्हटलं, हा शब्द कुठून आला ते एकदा कोणीतरी अधिकाराने सांगून टाका. त्यांचं उत्तर आलं, आम्ही सध्या 'ए'वर आहोत, अक्षर आलं की कळवू." मास्तरांनी टायची गाठ सैल केली. "मग दर दोन वर्षांनी लिहीत गेलो. 'बी' फार लांबलं. गेल्या साली स्टोफल पडला तेव्हा लिहिलं, जरा मध्येच आमचा एक शब्द आधी करता येईल का. ते म्हणाले, क्रम मोडता येत नाही, पण 'सी' लहान आहे, धीर धरा."

"म्हणजे यान डापर..."

"मुलं फार दंगा करत होती रे त्या दुपारी. बाहेर पाऊस. नाव मी फळ्यासमोर उभा असताना सुचलं."

खालून बदक परत निघालं होतं. लेंडर्ट कठड्याला टेकला. एकोणीस वर्षं. त्याने मनातल्या मनात हिशेब मांडला, किती जण, किती बूट, आणि तो तिथेच सोडून दिला.

"मग मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही स्वतःच का नाही सांगून टाकलंत?"

मास्तरांनी मान वर केली. पाढा चुकलेल्या पोराकडे पाहावं तसं त्यांनी जावयाकडे पाहिलं.

"मी? सगळ्या गावासमोर?"

आणि वॉकरचा ब्रेक सोडून ते पलीकडे निघाले.